धर्म, नीती आणि बडोद्यातील बंद दारे

धर्मावाचून नीती टिकत नाही आणि ईश्वर न मानणारा आज ना उद्या हिंसेकडे वळतो, असे विधान आपल्या प्रवचनांतून पुष्कळदा केले जाते. उलटपक्षी, जगातील हिंसेचे मूळ धर्मातच आहे, असे निरीश्वरवादी सांगतात. ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत. अशी एक कसोटी १९१७ साली बडोदे शहरात, म्हणजे आजच्या वडोदऱ्यात, लागली. तिचा संबंध एका ख्रिस्ती घराशीही आहे. म्हणून धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

तिसरे सयाजीराव गायकवाड हे त्या काळातील प्रागतिक संस्थानिक होते. १९०६ साली त्यांनी आपल्या सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१३ साली त्यांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची चाकरी करावयाची, असा करार होता. तो पाळण्यासाठी आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास आले.

राहावयाचे कोठे, हा पहिलाच प्रश्न होता. एका पारशी विश्रामगृहाच्या रखवालदाराने दिवसाला दीड रुपया घेऊन त्यांना जागा दिली; मात्र सदरा व कस्ती नसलेल्या या पाहुण्याचे नाव नोंदवहीत पारशी म्हणून लिहिले गेले. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले संतप्त पारशी गृहस्थ दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची त्यांनी ताकीद दिली.

आंबेडकरांचे त्या शहरात दोन मित्र होते. हिंदू मित्र म्हणाला की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे त्याने सांगितले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण; धर्मांतरानंतर पती उदार झाला, परंतु पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, हे आंबेडकरांना मागाहून कळले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी सुमारे पाच तास कामाठी बागेत काढले. आपल्या आठवणींत हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला असून तो त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला.

या दारांमागे नास्तिक कोणी असल्याचे दिसत नाही. काठ्या घेऊन आलेले आपल्या वास्तूचे पावित्र्य राखीत होते. मित्र आपल्या घराची रीत राखीत होते. ईश्वरावरील श्रद्धेने आपोआप नीती उत्पन्न होते, हे मत येथे टिकत नाही. शिवाय हिंसा काठीतच असते असेही नाही. ‘उद्या विचारून सांगतो’ या सौम्य उत्तराचा परिणाम काठीच्या धाकाहून निराळा झाला नाही. राजाची मर्जी व परदेशी विद्यापीठाची पदवी असूनही ज्याला रात्रीपुरते छप्पर मिळत नाही, त्याचे व्यक्तिस्वातंत्र्य केवळ कागदावरचे होय.

तथापि धर्म टाकून द्यावा, असा निष्कर्ष आंबेडकरांनी काढला नाही. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात त्यांनी नियमांचा धर्म व तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियम केवळ आज्ञापालन मागतो. तत्त्व मनुष्यास विचार करावयास लावून त्याच्यावर जबाबदारी टाकते. येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि तब्बल एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. त्या धम्मात ईश्वराला स्थान नाही. ईश्वराच्या जागी नीती आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच महिन्यात काठमांडू येथे बोलताना त्यांनी बुद्ध व मार्क्स यांची तुलना केली आणि हिंसा व हुकूमशाही यांचा मार्ग नाकारून मनःपरिवर्तनाचा मार्ग श्रेष्ठ ठरविला. म्हणजे ईश्वर न मानताही हिंसा नाकारता येते, हे त्यांनी दाखविले; आणि धर्माचे मोल नीतीवरून ठरवावे, हा दंडक घालून दिला.

हा दंडक आपणास परका वाटू नये. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सभेत कोणाला कोणते आसन दिले जाते, यावरून विश्वासाची परीक्षा करतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशीचा प्रश्न परक्याला घरात घेण्याविषयीचा आहे. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे व धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि ते जपण्याविषयी ख्रिस्ती मंडळी योग्यच आग्रह धरते. परंतु सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताही नष्ट केली आहे. पहिल्या अनुच्छेदाचा आधार घेणाऱ्याने दुसऱ्याचा भार उचलावयास नको काय?

बाप्तिस्म्याने नाव पालटते. स्वयंपाकघराचा उंबरठा पालटेलच असे नाही. म्हणून बाप्तिस्म्याची तयारी करून घेताना धर्मशिक्षकाने प्रश्नोत्तरे व प्रार्थना तर पाठ करून घ्याव्यातच. पण घरी कोण जेवावयास येतो, सोयरीक कोठे जुळते आणि दफनभूमीत कोणाला कोठे जागा मिळते, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे आपल्या मंडळीत आज काय मिळतात, यावरूनच निरीश्वरवाद्याच्या आक्षेपाला आपले उत्तर ठरेल.