चांदीच्या डब्या व करंडे, पुनरुज्जीवन शैलीचे

पूर्वकालीन शिल्पातील किंवा अलंकरणातील आकृतिबंध नव्या उपयोगाच्या वस्तूवर जाणीवपूर्वक योजून घडविलेली चांदीची झाकणयुक्त पात्रे. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाचा आरंभ हा त्यांच्या निर्मितीचा मुख्य काळ होय.

यूरोपात या काळात गॉथिक, प्रबोधनकालीन व रोकोको शैली पुन्हा प्रचारात आल्या. हिंदुस्थानात पुनरुज्जीवनाला वेगळे वळण लागले. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनापासून हिंदी कारागिरीचे कौतुक वाढले. वेल्सचे युवराज (पुढे सातवे एडवर्ड) १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांना मिळालेल्या भेटवस्तू पुढे लंडन व पॅरिस येथे मांडण्यात आल्या आणि तेथील गिऱ्हाइकांकडून अशा कामाला मागणी येऊ लागली. मद्रासेकडे देवदेवतांच्या आकृतींनी भरलेली ‘स्वामी’ शैली रूढ झाली. पुण्याच्या कामातही देवतांच्या आकृती दिसतात, मात्र त्यांचा उठाव अधिक खोल व सभोवतीची पानवेल अधिक दाट असते. रोमन लिपीत ‘हीरप्पा बूचेना’ हे नाव आणि ‘पूना’ हा शब्द ठोकलेली पात्रे या शाखेचे परिचित नमुने आहेत.

पुण्याच्या घरांत चांदीची डबी नवी नव्हती. कुंकवाचा करंडा, कोयरी, पानदान, चुनाळे, अत्तरदाणी हा संसारातील व समारंभातील सरंजाम होता. दिनकर केळकर यांनी जमविलेल्या आणि आज राजा केळकर संग्रहालयात असलेल्या वस्तूंवरून त्या घाटांची समृद्धी कळते. तथापि लष्कर भागातील गोऱ्या अधिकाऱ्याला कोयरीचा उपयोग नव्हता. त्याला सिगारपेटी, चहाचा डबा, भेटपत्रांची डबी हवी होती. घाट विलायती, नक्षी देवळातली, असा हा मेळ आहे. डबीची ओळख पटविण्याचा पहिला धागा याच विसंगतीत सापडतो. भेटपत्रांच्या डबीवर दशावतार दिसले, तर नक्षी कितीही प्राचीन भासली तरी ती वस्तू पेशवाईतील असण्याचा संभव जवळजवळ नाही. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक संग्रहालय (पुढे लॉर्ड रे यांच्या नावाचे, आता महात्मा फुले वस्तुसंग्रहालय) स्थापन झाले, तेही देशी उद्योगांविषयीच्या याच काळातील आस्थेतून.

मानपत्र ठेवण्यासाठी चांदीची पेटी देण्याची पद्धतही याच काळात रुळली. अशा पेट्या महात्मा गांधींना भेट मिळत आणि ते त्यांचा तेथल्या तेथे लिलाव करून पैसा कार्यासाठी वळवीत. स्पर्धेतील चषकालाही मराठीत ‘करंडक’ म्हटले जाते, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्यातील १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सर्वांच्या परिचयाची आहे.

उठावकामासाठी पत्रा राळेच्या थरावर बसवून मागून ठोकतात आणि मग पुढून बारीक छिन्न्यांनी रेषा उघडतात. त्यामुळे आतल्या बाजूस उलटे खळगे उमटतात. आतून दुसरा पत्रा लावला असेल तरच ते झाकले जातात. हाताच्या कामात दोन मोर कधीही तंतोतंत सारखे नसतात. साच्यात दाबलेल्या पत्र्यावर ते सारखे असतात. ओतीव नकल जड असते, तिच्या पृष्ठावर सूक्ष्म छिद्रे दिसतात आणि रेषा बोथट झालेल्या असतात. झीज नेहमी उंच भागावर, देवतेच्या नाकावर वा गुडघ्यावर प्रथम येते. ती खळग्यांतही सारखीच दिसली, तर कृत्रिम जुनेपणाचा संशय घ्यावा. कोरलेला जुना मजकूर खरवडून काढल्यास तेथील पत्रा बोटांना पातळ लागतो.

ठशांविषयी मोठा गैरसमज आढळतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात चांदीची सक्तीने पारख करणारी सरकारी व्यवस्था नव्हती. म्हणून ठसा नाही एवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही, आणि कारागिराचे नाव आहे एवढ्यावरून कसही सिद्ध होत नाही. याउलट जर्मनीतील हानाउ येथील कारखाने जुन्या घाटाच्या डब्यांवर जुन्यासारखे दिसणारे कल्पित ठसे उठवीत. त्यांपैकी इंग्लंडमध्ये आयात झालेल्या डब्यांवर तेथील आयातचिन्ह असेल, तर खरा काळ त्यावरून निघतो. जर्मन साम्राज्यात १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट व ८०० यांसारखा कसाचा आकडा हे चिन्ह लागू झाले. ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे मात्र केवळ चांदीचा मुलामा दर्शवितात.

मूल्यमापनात वजन ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी बाब आहे. कारागीर पुष्कळदा रुपये वितळवून काम करीत; १८३५ पासूनच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी होती. अशी ३० तोळ्यांची डबी सु. ३५० ग्रॅम भरते व तिच्यात सु. ३२१ ग्रॅम शुद्ध चांदी असते. सराफाकडे ती ‘मोड’ म्हणून गेली, की याच आकड्याला भाव मिळतो, घडणावळ शून्य धरली जाते आणि डबी मुशीत जाते. जुन्या घरांतील किती काम अशा रीतीने नाहीसे झाले याची गणती नाही. कसोटीच्या दगडावर घासण्यापेक्षा क्ष-किरण प्रस्फुरणाची चाचणी निरुपद्रवी असते, मात्र ती केवळ पृष्ठाचा कस सांगते. धातूपलीकडील किंमत उठावाची सफाई, कारागिराचे नाव, तारीख असलेला अर्पणलेख, मूळ बिजागरी आणि वस्तूचा ज्ञात पूर्वेतिहास यांवर ठरते. कथिल-शिशाचे डाग देऊन केलेली दुरुस्ती ती बरीच घटविते. फार घासूनपुसून चकचकीत केलेली डबीही मोलात उतरते. कारण खळग्यांतील काळा भर उठावाला खोली देण्यासाठी पुष्कळदा कारागिरानेच राखलेला असतो.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमान्वये पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याखेरीज करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही. त्यामुळे परदेशी लिलावांतील किंमती येथील डबीला जशाच्या तशा लावणे चूक ठरते.