दादरचे वर्षावृक्ष आणि झाडातल्या दोन वाटा



दादर टीटीहून माटुंग्याकडे जाताना रस्त्यावर सावली धरणारे मोठे वर्षावृक्ष आपण पाहिले असतील. हे झाड मूळ अमेरिका खंडातलं, पण मुंबईला मानवलं. 2010 नंतरच्या काही वर्षांत मात्र शहरातले असे कितीतरी वृक्ष उभ्याउभ्या वाळले. जाणकारांनी बोट ठेवलं दोन गोष्टींवर : बुंध्याशी ओतलेलं सिमेंट आणि फांद्यांवरचा पिठ्या ढेकूण. सिमेंटानं मुळांचं पाणी-हवा तोडली हे सहज ध्यानात येतं. पण एवढासा किडा एवढं झाड कसं बसवतो?

त्यासाठी जरा मागं जाऊ. सतराव्या शतकात इटलीच्या माल्पिघीनं खोडाची साल गोल कापून काढली. कापाच्या वरची साल फुगली. म्हणजे वरून खाली येणारं काहीतरी तिथं अडलं! ते होतं पानांत तयार झालेलं अन्न. पाण्याची वाट वेगळी, आतल्या लाकडातून. इंग्लंडचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी कुंडीतलं सूर्यफूल रोज तोलून पाहिलं आणि 1727 साली छापलं, की पानांतून पाणी उडतं आणि त्याच ओढीनं खालचं वर चढतं.

सालीतल्या वाटेचं कोडं उशिरा सुटलं. 1930 मध्ये जर्मनीच्या म्युंखनं मांडलं, की पानाजवळ साखर दाटली म्हणजे तिथं पाणी शिरतं, दाब वाढतो आणि रस मुळांकडे ढकलला जातो. 1953 साली केनेडी आणि मिटलर यांनी गंमतच केली. रस पीत असलेला मावा कापून टाकला, नुसती सोंड सालीत ठेवली. तरी सोंडेतून रस थेंबथेंब येतच राहिला. किड्याला फार ओढावं लागत नाही, झाडच त्याला भरवतं म्हणा ना!

पिठ्या ढेकूण सोंड खुपसतो तो याच रसवाहिनीत. रसात साखर फार, प्रथिनाचा अंश थोडा. म्हणून तो पोटाबाहेर पितो आणि जादा साखर चिकटा म्हणून टाकतो. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी धरते. इकडे मुळांची शिदोरी वाटेतच लुटली जाते. पांढरी मुळी उपाशी राहिली, की पाणीही वर चढत नाही.

आपल्या सीताफळावर, डाळिंबावर, कपाशीवर हाच प्रकार चालतो. तेव्हा खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर पानं उलटून आणि फांदीची बेचकी उघडून जरूर पाहा.