पुढचं पुस्तक कोण सांगणार?



२०२२ च्या एप्रिल महिन्यात आपल्या उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. आमच्या बचत गटांतल्या नऊ जणी जीप करून गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. पुस्तकांचे स्टॉल इतके, की या टोकाहून त्या टोकाला जाईपर्यंत पाय भरून आले. प्रत्येकीनं पदराला दोनशे रुपये बांधून आणले होते. परत निघताना पिशव्या उघडल्या, तर चौघींनी रांगोळीची पुस्तकं घेतलेली, तिघींनी लोणच्या-पापडाची आणि दोघींनी आरत्यांची. त्यात वाईट काहीच नाही. पण जीपमध्ये एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या ढिगात मला काय आवडंल, ते मला कसं कळावं? कुणी सांगणारंच नव्हतं."

मावशींचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. वाचता येणं ही एक गोष्ट झाली. वाचायला काय घ्यावं, हे सांगणारं माणूस असणं ही दुसरी. हे सांगण्याचं काम आपल्या भागात आजवर कुणी केलं, आणि ते बाईपर्यंत किती पोचलं, त्याचा इतिहास आज सांगते.

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडत नव्हता. चातुर्मास लागला की देवळात नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागायची. हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप. एक जण वाचायचा आणि सगळे ऐकायचे. एक पोथी संपली, समाप्तीचा प्रसाद झाला, की पुढच्या वर्षी कोणती लावायची ते वाचणारा ठरवायचा. ऐकणाऱ्या बाईला अक्षर येत नसलं तरी गोष्ट पाठ असायची. ती पुस्तकाच्या बाहेर नव्हती. फक्त निवड तिची नव्हती.

पुढे छापील पुस्तकं आली, वाचनालयं आली. पण नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. सरकारी कारभार उर्दूत चालायचा. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तिथलं शिक्षणही उर्दूतून. मराठी घरातल्या मुलाला आपल्या भाषेत पुढं शिकायची सोय फार थोडी. मग भाषा टिकवायची कुठं? वाचनालयात. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. त्याच साली हैदराबादेत तेलुगू लोकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे ग्रंथालय काढलं. मराठी माणसांनी तिथंच १९२२ साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं. देगलूर-बिलोलीकडच्या मैत्रिणींना मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात हे सांगायला नको. पुस्तकांच्या बाबतीतही तसंच झालं.

१९२९ साली निजाम सरकारनं 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम काढला. परवानगीशिवाय सभा घेता येईना. बाहेरच्या काही मराठी वर्तमानपत्रांनाही संस्थानात बंदी होती. अशा काळात वाचनालय म्हणजे चार माणसं एकत्र बसायची जागा झाली. एकानं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि उठताना कानात सांगायचं, 'हे वाच.' पुस्तक सुचवणं हे तेव्हा विश्वासाचं काम होतं. ज्याच्यावर भरवसा त्यालाच सांगायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, त्यामागे या वाचणाऱ्या माणसांचंही बळ होतं.

पण त्या खोलीत बाई कुठं होती? आमच्याकडच्या जुन्या बायकांना मी विचारलं. त्या हसतात. म्हणतात, "वाचनालयाची पायरी कोण चढू देतंय?" घरात पुस्तक यायचं ते नवऱ्याच्या, दिराच्या हातून. त्यानं आणलं ते वाचायचं. परत न्यायच्या आत संपलं तर संपलं.

असं सगळीकडेच होतं का? नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. ते सयाजीराव गायकवाड. १९०६ साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. मग त्यांच्या ध्यानात आलं, की शाळा सुटल्यावर हातात पुस्तक पडलं नाही तर शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर मोफत ग्रंथालयं सुरू केली. जिथं ग्रंथालय नाही त्या गावाला पुस्तकांची लाकडी पेटी जायची. गावानं ती वाचली की पेटी परत, आणि दुसरी पेटी हजर. बडोद्यात बायकांसाठी वेगळं वाचनालय काढलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजानं हे ओळखलं होतं, की पहिलं पुस्तक देऊन काम संपत नाही, दुसरं कुठून येणार त्याची सोय लावावी लागते.

हीच गोष्ट नियम करून सांगितली ती डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे शिक्षक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, कपाटात जपण्यासाठी नव्हे, हा पहिला. वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा दुसरा. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा तिसरा. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रंथपालाचं काम सोयरीक जुळवण्याचं आहे. दोन्हीकडची माहिती असल्याशिवाय सोयरीक जुळत नाही. पुस्तक त्याला ठाऊक असतं. आपण मात्र त्याला ठाऊक नसतो.

आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर तुम्हाला माहीत असतील. कुरुंदा गावी १९३२ साली जन्मले. इंटरच्या परीक्षेत नापास होत राहिले, पण वाचन कधी थांबवलं नाही. एका पुस्तकातून दुसऱ्याचा माग काढत ते वाचत गेले. पुढे एम.ए. झाले आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्यही झाले. सगळा महाराष्ट्र त्यांची व्याख्यानं ऐकायचा.

आता फलटणच्या बेबीताई कांबळे बघा. त्या छोटंसं दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. त्यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात आणि १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. एवढी मोठी लेखिका, पण तिचं वाचन सुरू झालं ते पुडीच्या कागदावर. पुढचा कागद कोणता येईल, ते रद्दीवाल्याच्या हाती.

आता कायद्याकडे येऊ, कारण आपला हक्क तिथं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना सरकारची मान्यता आणि अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातली बरीच वाचनालयं 'ड' वर्गात येतात. अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. म्हणजे तुमच्या गावात मान्यता असलेलं वाचनालय असेल, तर तिथं नवी पुस्तकं येतात. कोणती घ्यायची, ते वाचनालयाचं कार्यकारी मंडळ ठरवतं. आणि मंडळ काय बघतं? गावात मागणी कशाला आहे ते.

मागच्या वर्षी मी एका वाचनालयात गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. मी म्हटलं, बायकांना वाचण्यासारखं काही द्या. त्या भाऊंनी पाककृतीचं पुस्तक काढून दिलं. मी विचारलं, आत्मचरित्रं नाहीत का? ते म्हणाले, "ताई, बायका वाचत नाहीत. मग मागवून काय करू?" मला राग आला. मी देवघेवीची नोंदवही बघायला मागितली. तीन महिन्यांच्या पानांवर बायकांची नावं दोन. आणि त्याच गावात आठ घरांत बायका वाचतात, हे मला पक्कं माहीत होतं. मग ध्यानात आलं, पुस्तकं नवऱ्याच्या नावावर, पोराच्या नावावर येत होती. वाचणारी ती, नोंद त्याची. ते भाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांची वही तेच सांगत होती.

मैत्रिणींनो, आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपल्या गटात दहा रुपये भरले तरी लिहून ठेवतो. पहिल्या कर्जाची फेड वहीत नसती, तर बँकेनं दुसरं कर्ज दिलं असतं का? पुस्तकाचंही तसंच आहे. पहिल्या पुस्तकाची नोंद आपल्या नावावर नसेल, तर दुसरं पुस्तक आपल्यासाठी कुणी कशाला आणेल?

म्हणून आम्ही दोन कामं केली. पहिलं, सहा जणी स्वतःच्या नावानं सभासद झालो. अनामत आणि वर्गणी भरली, पावती स्वतःच्या नावाची घेतली. दुसरं, गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागची चार पानं वाचनाला दिली. पुस्तकाचं नाव, कुणी वाचलं, काय आवडलं ते एका ओळीत, आणि 'ही गोष्ट आपल्यातल्या कुणाला द्यावी' तिचं नाव.

आमची सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून झाली. १९३४ ते ३६ या काळात आलेलं पुस्तक. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत, नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली. हे पुस्तक त्या उदगीरच्या मावशींनी वाचलं. वहीत त्यांनी लिहून घेतलं, "नवऱ्याचं ऐकलं बी आन् भांडली बी." हे वाक्य वाचून दुसरी म्हणाली, मग मला नवऱ्यानं शिकवलेल्या अजून एकीचं द्या. तिला रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' मिळालं, १९१० सालचं. रमाबाई शिकतात म्हणून घरातल्याच बायकांनी त्यांना किती छळलं, ते त्यात आहे. तिसरी म्हणाली, या मोठ्या घरच्या झाल्या, आमच्यासारखीचं काही आहे का? तेव्हा 'जिणं आमुचं' आलं. त्यामागून शांताबाई कांबळ्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. शेवटची दोन वाचनालयात नव्हती. आम्ही सहा सह्यांचा मागणीचा कागद दिला. पुढच्या खरेदीत दोन्ही आली.

तुम्हीही करून बघा. वाचनालयात गेल्यावर 'चांगलं पुस्तक द्या' असं म्हणू नका. त्यावर कुणालाच उत्तर देता येत नाही. 'मला अमुक आवडलं, त्यातलं हे आवडलं, तसं अजून आहे का,' असं विचारा. जे आवडलं नाही तेही सांगा. परत आलेली पुस्तकं टेबलावर असतात, तिथं नजर टाका; गावात कोण काय वाचतंय ते कळतं. नसलेलं पुस्तक तोंडी मागू नका, लिहून द्या. आणि ज्या बाईला वाचता येत नाही, तिला सोडू नका. एकीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, ही आपल्या ओसरीची जुनीच रीत आहे. फरक एवढाच, की आता कोणती पोथी लावायची ते ऐकणारीही सांगेल. आमच्या वहीत दोन ओळी अशा बायकांच्या आहेत. खाली सहीच्या जागी अंगठा आहे.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की पाच मिनिटं थांबा. गावच्या वाचनालयात कुणाच्या नावावर कार्ड आहे, एवढंच एकमेकींना विचारा. नसेल तर पुढच्या आठवड्यात दोघीतिघी मिळून जा. एकटीला संकोच वाटतो, तिघींना वाटत नाही.

येते मी. रामराम.