बाळ घरी निघालं, सोबत कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय, थोडा सारखा करून.

आपल्या सातारा-सांगलीकडे 'बाळाला काचेत ठेवलंय' एवढं म्हटलं की फोनवरचा माणूस गप्प होतो. ती काच म्हणजे सरकारी भाषेत एसएनसीयू, आजारी किंवा कमी वजनाच्या नवजात बाळांचा विभाग. तिथल्या मशिन्सबद्दल बरंच बोललं जातं. मला बोलायचंय ते बाळ काचेतून बाहेर आल्यानंतरच्या दिवसांबद्दल. वॉर्डात वजन, ताप, दूध किती ओढलं हे सगळं सिस्टर बघत असतात. डिस्चार्ज मिळाला की ते काम दुपट्यासकट आईच्या हातात येतं. आमच्या आयटीत सिस्टम लाइव्ह गेली की पुढचे काही आठवडे टीम तिच्यावर डोळा ठेवून असते, त्याला 'हायपरकेअर' म्हणतात. शब्द दवाखान्यातला वाटतो ना? पण लाड सॉफ्टवेअरचे.

आपल्या भागाची जुनी सवय म्हणजे पेशंटला मिरजेला न्यायचं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढं मिरज दवाखान्यांचंच गाव झालं. दवाखाना एका जागी, माणसं त्याच्याकडे. बाळांच्या बाबतीत ही दिशा उलटी करावी लागली, आणि ती करून दाखवली गडचिरोलीनं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून तिथल्या खेड्यांत अभ्यास केला. सुरुवातीला त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जायची. जवळ मोठा दवाखाना नाही, आणि असता तरी बाळंतिणीला घराबाहेर काढायची पद्धत नाही. मग १९९५ पासून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. या आरोग्यदूत घरी जाऊन बाळ तोलायच्या, ताप बघायच्या, ऊब कशी द्यायची आणि अंगावर कसं पाजायचं ते आईला दाखवायच्या. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. हे शेवटचं ऐकून आजही काही डॉक्टरांच्या भुवया वर जातील. पण १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५.५ वर आला, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

तिकडं कोलंबियात, बोगोटा शहरात, डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये वेगळ्याच अडचणीतून असाच रस्ता काढला होता. पेट्या कमी, बाळं जास्त. म्हणून बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायचं, लवकर घरी सोडायचं आणि तपासणीला परत बोलवत राहायचं. कांगारू केअर म्हणतो ते हेच. त्यातला 'परत बोलवत राहायचं' हा भाग मात्र आपण बोलताना गाळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं तो गाळला नाही. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ दरम्यान घरी सोडलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा माग ती अठरा वर्षांची होईपर्यंत ठेवला. अठरा वर्षं! जगलं का, एवढाच प्रश्न नव्हता. शाळेत कसं चाललंय, हाही होता.

आता क्रम बघा. घरच्या काळजीचा पुरावा आपल्याच राज्यात १९९९ ला तयार होता. पहिलं एसएनसीयू २००३ मध्ये बंगालातल्या पुरुलियाला झालं. आणि आशाताईंनी घरी जाऊन बाळ बघण्याची देशभरची योजना आली २०११ मध्ये. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, सगळ्या भेटींचे मिळून मानधन अडीचशे रुपये. या पैशांत आपला एक पिझ्झा येतो, असो.

योजना चांगली आहे. पण ती गावाला बांधलेली आहे, आणि आपली बाळंतीण एका गावाला बांधलेली नसते. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे मुलगी कराडला दिलेली, बाळ जन्मलं सांगलीत, आठवडा-दोन आठवडे काचेत, डिस्चार्ज तासगावच्या माहेरी. सव्वा महिना झाला की सासरी रवानगी. ४२ वा दिवस उजाडतो तेव्हा बाळानं जिल्हा बदललेला असतो. माझ्या मावसबहिणीचं असंच झालं. तिच्या माहेरच्या आशाताईंनी स्वतःच सासरच्या गावातल्या ताईंचा नंबर शोधून फोन केला, म्हणून भेट चुकली नाही. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ऊसतोड कामगारांना तर माहेरही नाही. हंगामात बीडकडून आलेली टोळी आज एका शिवारात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. बाळ काचेतून थेट कोपीत जातं, थंडीच्या दिवसांत. डिस्चार्जच्या कागदावर पत्ता कुठला घालायचा, फडातला की कुलूप लावलेल्या घराचा?

तुमच्या घरी कुणी बाळ घेऊन निघणार असेल तर सिस्टरना एक विचारा, पुढची तपासणी कधी आणि कुठं. माहेर-सासर दोन्हीकडच्या आशाताईंचे नंबर आत्ताच घ्या. बाळ दूध ओढेना, गार पडलं किंवा श्वास घेताना छाती आत जायला लागली, तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा.

भेटू पुढच्या एपिसोडला.