'डिक्लाइन' आणि 'ऱ्हास' : इतिहासलेखनातील एका संज्ञेचा अर्थविचार

एखाद्या राजवटीवरील प्रबंधाचे अखेरचे प्रकरण 'ऱ्हासाची कारणे' या मथळ्याचे असावे, हा आपल्याकडे जवळजवळ संकेतच होऊन बसला आहे. अशा प्रकरणात कारणांची यादी असते. परंतु ऱ्हास नेमका कशाचा झाला, हा प्रश्न त्यापूर्वी क्वचितच विचारला जातो. ही संज्ञा आधुनिक अर्थाने आपल्याकडे आली ती इंग्रजी इतिहासग्रंथांतील 'डिक्लाइन' या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून. म्हणून त्या मूळ शब्दाच्या अर्थछटा प्रथम तपासून पाहणे उचित ठरेल.

'डिक्लाइन' हा शब्द लॅटिन 'देक्लिनारे' या क्रियापदापासून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ 'एका बाजूस वळणे, कलणे' एवढाच होय. त्यातील धातू आणि आपल्या 'आश्रय' या शब्दातील 'श्रि' धातू हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने सगोत्र आहेत; 'टेकणे, कलणे' ही दोहोंतील समान कल्पना होय. मुळात या शब्दात नाशाचा भाव नाही. निमंत्रण सौजन्यपूर्वक नाकारणे या अर्थी इंग्रजीत तो आजही वापरला जातो. त्यात केवळ बाजूला वळण्याची क्रिया शिल्लक आहे.

व्याकरणातील उपयोग याहून उद्बोधक आहे. ग्रीक व लॅटिन वैयाकरणांनी विभक्तीला जी नावे दिली त्यांचा अर्थ 'पडणे' असा होता. प्रथमा ही सरळ उभी, इतर विभक्त्या कललेल्या, अशी त्यामागील कल्पना. त्यामुळे नामाची विभक्तिरूपे करणे म्हणजे त्याला 'डिक्लाइन' करणे असे इंग्रजीत म्हणतात. मराठीत मात्र आपण शब्द 'चालवितो'. एकच क्रिया एका भाषेस कलंडण्यासारखी दिसली, तर दुसरीस चालण्यासारखी. वैद्यकीय उपयोग असा की, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजीत हा शब्द क्षयरोगास लावीत असत. हळूहळू खंगत जाणारा आणि बहुधा न उलटणारा विकार, ही छटा राजवटींच्या वर्णनातही उतरली असल्यास नवल नाही.

इतिहासलेखनात हा शब्द रूढ झाला तो एडवर्ड गिबन याच्या रोमन साम्राज्यावरील सहा खंडांमुळे (1776–1788). तत्पूर्वी 1734 साली माँतेस्क्यू याने रोमनांच्या वैभवाची व अवनतीची मीमांसा फ्रेंचमध्ये केली होती. तिच्या त्याच वर्षीच्या इंग्रजी भाषांतरात 'डिक्लेन्शन' हा, व्याकरणाशी नाते सांगणारा शब्द योजिला होता. गिबनने आपल्या ग्रंथनामात 'डिक्लाइन' आणि 'फॉल' असे दोन शब्द जोडले. पहिला प्रक्रिया दर्शवितो, दुसरा घटना. परंतु त्याचे कथन दुसऱ्या शतकापासून 1453 मधील कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावापर्यंत जाते. साडेबाराशे वर्षांहून अधिक काळ जे चालू राहते त्यास ऱ्हास म्हणावे की स्थित्यंतर, हा आक्षेप स्वाभाविक होता. पीटर ब्राउन यांनी 1971 साली याच कालखंडास 'उत्तर प्राचीन काल' मानून त्यातील नवनिर्मितीकडे लक्ष वेधले. उलट 2005 साली ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांनी मृद्‌भांडी, कौले व नाणी यांच्या पुराव्यावरून पश्चिमेकडील भौतिक जीवनाची घसरण खरी असल्याचे प्रतिपादिले. एकाने श्रद्धा व विचार पाहिले, दुसऱ्याने स्वयंपाकघर आणि छप्पर. दोघांचे मोजमाप भिन्न असल्याने निष्कर्षही भिन्न झाले.

भाषांतराने अर्थ कसा बदलतो याचे उदाहरण ओस्वाल्ड श्पेंग्लर याच्या ग्रंथात सापडते (1918 व 1922). त्याच्या जर्मन नावातील 'उंटरगांग' या शब्दाचा अर्थ 'खाली जाणे' असा असून सूर्यास्त व जहाजाचे बुडणे या दोहोंस तो लागतो. आपणांस जहाज बुडण्यासारखा अपघात अभिप्रेत नाही, 'परिपूर्ती' हा शब्दही चालला असता, असा खुलासा श्पेंग्लरला 1921 मध्ये करावा लागला. इंग्रजी भाषांतरकाराने 'डिक्लाइन' निवडला. सूर्यास्ताच्या जागी उतरण आली.

आपल्या अभ्यासक्षेत्रात या संज्ञेची खरी कसोटी लागते ती अठराव्या शतकाच्या संदर्भात. विल्यम अर्व्हिन याच्या मरणोत्तर, 1922 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे नाव केवळ 'उत्तरकालीन मुघल' एवढेच सुचविते; जदुनाथ सरकारांच्या चार खंडांच्या (1932–1950) नावात मात्र थेट 'फॉल' आहे. 1707 नंतर बादशाही सत्ता क्षीण झाली हे निर्विवाद होय. पण त्याच काळास मराठ्यांच्या इतिहासात आपण 'विस्तार' म्हणतो. शिवाय सत्ता व अधिकार यांचा क्षय एकाच गतीने झाला नाही. दक्षिणेतील चौथाई व सरदेशमुखीसाठी 1719 साली बाळाजी विश्वनाथांना दिल्लीच्या सनदा हव्या होत्या. 1784 साली महादजी शिंद्यांनी वकील-इ-मुतलकी पेशव्यांच्या नावे मिळविली. आणि शाह आलम 1806 मध्ये निवर्तल्यानंतरही 1835 पर्यंत कंपनी त्याच्या नावाचे रुपये पाडीत होती. तख्त दुर्बल झाले, तरी तख्ताचे नाव चलनात राहिले. क्रिस्टोफर बेली (1983) व मुजफ्फर आलम (1986) यांच्या संशोधनाने उत्तरेतील काही प्रदेशांत व्यापार, शेती व स्थानिक सत्ता बळावत होत्या हेही दाखविले आहे. संपूर्ण शतकास 'ऱ्हासकाल' म्हणण्याने कंपनी सरकारच्या आगमनास आयतेच समर्थन मिळत होते, हे विसरता येत नाही.

येथे आपल्या शब्दांकडे वळावे. 'डिक्लाइन'चा शब्दशः प्रतिशब्द 'अवनती' होय. 'नम्' म्हणजे वाकणे. 'ऱ्हास' हा 'ह्रस्' धातूपासून, म्हणजे 'ह्रस्व'चा सहोदर. त्याचा अर्थ 'आखूड होणे, उणे होणे'. हा भेद केवळ कोशगत नाही. उतरण दाखविणारा शब्द दिशा सांगतो आणि तळ अटळ असल्याचे सुचवितो. 'ऱ्हास' हा शब्द परिमाण मागतो. काय उणे झाले, कितीने, आणि कोणाचे? महसूल, लष्कर, शहरांची वस्ती, की केवळ दरबाराची जरब? या प्रश्नांचे उत्तर देता येत नसेल, तर तो शब्द न वापरणेच बरे. तो वापरावयाचाच असेल, तर 'डिक्लाइन'ची सावली म्हणून न वापरता त्याच्या स्वतःच्या अर्थाने वापरावा. तसे केल्यास प्रबंधाचे अखेरचे प्रकरण कारणांच्या यादीने सुरू होणार नाही. ते मोजणीने सुरू होईल.