ख्यालीखुशाली आणि बाहेरख्याली

माझी भाची कोरियन मालिका बघते. पावसाळ्यात रत्नागिरीतल्या घरी, वीज असेल तेवढा वेळ. परवा म्हणाली, "मावशी, नवरा बाहेर भानगड करतो ना, त्याला ते लोक 'वारा फुलवणं' म्हणतात. 'बाराम' म्हणजे वारा." मी म्हटलं, वारं आपल्याकडेही लागतंच की. मुंबईचं तर हमखास. पण त्या माणसाला आपला खास शब्द आहे, बाहेरख्याली.

"ख्याली? ख्याल म्हणजे गाणं ना?"

तिचं चुकलं नव्हतं. शब्द एकच आहे. अरबीत 'ख़याल' म्हणजे मनात उमटलेली प्रतिमा, आभास, कल्पना. फारसीचं बोट धरून तो हिंदुस्थानात आला. उत्तरेत त्याच्या नावाची गायकी झाली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती ग्वाल्हेर घराण्यातून महाराष्ट्रात आणली. बोलीत मात्र त्याचं वेगळंच झालं. मराठीने त्यातला विचार जरा बाजूला सारला आणि लहर, मौज, षोक तेवढा उचलला. ख्यालीखुशाली म्हणजे आधी सुखचैन, मग पत्रातलं क्षेमकुशल. आणि ज्याचा ख्याल उंबऱ्याबाहेर रमतो तो बाहेरख्याली. (जाता जाता, 'मौज' म्हणजे अरबीत लाट, आणि संस्कृतातली 'लहरी' म्हणजेही लाटच. कोरियात वारा उठतो, आपल्याकडे समुद्राला उधाण येतं.)

'व्यभिचार' हा पोथीतला आणि कोर्टातला शब्द. पाणवठ्यावर तो कुणी उच्चारत नाही. बाहेरख्याली त्या मानाने फारच मऊ. त्यात पाप नाही, दुसरी बाई नाही, फसलेली बायकोसुद्धा नाही. आहे तो फक्त पत्ता. याचं मन घरी नसतं, एवढंच. अंगवस्त्रही तसंच: खांद्यावरचं उपरणं, वाटलं तर घ्यावं, वाटलं तर काढून ठेवावं. ठेवलेल्या बाईला हे नाव देणाऱ्याने तिच्याकडे कधी वर मान करून बघितलं असेल असं मला वाटत नाही.

बाईच्या बाबतीत भाषा एवढी सैल नाही. 'बाहेरख्याली बाई' सहसा कानावर येत नाही. बाईचं पाऊल वाकडं पडतं. पुरुषाचा जातो तो ख्याल, बाईचं जातं ते पाऊल. १८६० च्या दंडसंहितेचं कलम ४९७ याच चालीचं होतं: दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, आणि फिर्याद करायची तिच्या नवऱ्याने. बाहेरख्याली माणसाच्या बायकोला त्यात जागाच नव्हती. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला ते रद्द केलं. दक्षिण कोरियाच्या कायद्यात स्त्री-पुरुष दोघांनाही दोन वर्षांपर्यंत कैद होती. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा २६ फेब्रुवारी २०१५ ला मोडीत काढला.

रत्नागिरीला नाव घेऊन सांगता येईल असं एक प्रकरण थिबा राजाच्या घरातलं. १८८६ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या या राजाला इथे आणून ठेवलं. त्याच्या थोरल्या मुलीचं मन राजाच्या पदरी नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यावर बसलं. सावंतांचं लग्न आधीच झालेलं होतं. १९०६ मध्ये त्या दोघांची मुलगी टूटू जन्मली. थिबा १९१६ मध्ये वारला, कुटुंब मायदेशी गेलं, तरी थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीलाच आली. टूटू इथे मराठी बोलत म्हातारी झाली. या सगळ्याला 'ख्याल' म्हणायचं की 'पाऊल', हे मला ठरवता येत नाही.

बाकीच्या घरांचं दुःख निनावी. इथला पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरणीत, गोदीत. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पूर्वी पावसात मुंबईच्या बोटी बंद असत. तिकडची खबर यायची ती गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या तोंडून, आणि तीही अर्धीच: "त्यानं तिकडे बिऱ्हाड केलंय म्हणतात." मनिऑर्डर उशिरा आली की घरात कुणी काही बोलत नसे.

भाचीने आणखी एक शब्द सांगितला. चारचौघांना एकाच वेळी आशेवर झुलवत ठेवायचं, याला कोरियन पोरं मासळीच्या राखणीची उपमा देतात, आपली मासेमारीची जागा सांभाळणं अशा अर्थी. इथल्या मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात हा शब्द एका दिवसात रुळेल.

मला मात्र आठवतं ते आजीच्या वेळचं पत्र. लिहिता न येणारी बाई शाळेच्या मास्तरांपुढे बसून मजकूर सांगायची: भात लावून झालं, गाय व्याली, पोराला ताप होता तो उतरला. जे खरं विचारायचं असे ते मास्तरांना कसं सांगणार? मग मास्तरच शेवटी आपल्या सवयीने ठरलेली ओळ घालायचे, तुमची ख्यालीखुशाली कळवावी. ती मान हलवायची. म्हणायची, "हां, तेवढं लिहा."