उडणाऱ्या माणसाचा मोड

साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर चेहरा, निसर्गदृश्य, रात्र, खेळ असे तयार मोड असतात. प्रकाश किती घ्यावा, झडप किती वेगाने मिटावी, हे त्यानुसार यंत्रच ठरवते. उडणाऱ्या माणसाचा मोड मात्र कोणत्याही कॅमेऱ्यावर नसतो. मालेगावने तो आपल्या हातांनी घडवला.

यंत्रमागांच्या या शहरात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत. चित्रपट दाखवता दाखवता, व्हीसीआरवर तुकडे जोडत ते संकलन शिकले. २००० साली त्यांचा 'मालेगाव के शोले' आला. पुढे त्यांनी सुपरमॅन घडवायचे ठरवले. नायक होते यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख, अंगकाठीने अगदी किरकोळ!

हॉलिवूडच्या १९७८ च्या 'सुपरमॅन'पुढेही हाच प्रश्न होता. निळ्या पडद्यापुढे निळा पोशाख घातला, तर पडद्याबरोबर नायकही पुसला जाणार. म्हणून काही दृश्यांसाठी पोशाखाची छटा बदलावी लागली. मालेगावात पडदा हिरवा होता. त्यापुढे शफीक यांना आडवे धरून चित्रण करायचे आणि संगणकावर हिरवा रंग काढून तेथे आकाश बसवायचे, अशी ही युक्ती. रंग सफाईने निघायचा, तर पडद्यावर उजेड सारखा पडावा लागतो; सुरकुती वा सावली राहिली की कडा फाटतात. हे काम कोणतीही कळ दाबून होत नाही.

सरकत्या दृश्यासाठी सायकल, उंचावरून घ्यायच्या दृश्यासाठी बैलगाडी. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला, तेव्हा सारेच थांबले. दुसरा होता कुठे?

ही धडपड फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात टिपली. त्यामुळे पडद्यामागचा मालेगाव जगाला दिसला. एरवी अशा युक्त्या करणाऱ्यांबरोबरच विस्मृतीत जातात. २०२४ मध्ये रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ने ही कथा पुन्हा मांडली.

शफीक यांचा सुपरमॅन तंबाखूचा प्रसार करणाऱ्या खलनायकाशी लढतो. स्वतः शफीक यांना तोंडाचा कर्करोग झाला. २०१२ मध्ये माहितीपट भारतातील चित्रपटगृहांत लागला, तेव्हा ते हयात नव्हते.